छपराखालचा तिसरा माणूस

२ नोव्हेंबर

कालच्या दिवसाने पाय मोडले. सर्व संतांचा दिवस, अख्खं तोरुन शहर आपापल्या माणसांच्या कबरींवर आलं होतं, आणि दफनभूमीच्या फाटकासमोर फुलांचं दुकान एकच, माझ्या मामाचं. शेवंती आणि मेणदिवे विकून विकून माझा आवाज बसला. आज इथे चिटपाखरू नाही. उरलेल्या शेवंतीच्या ढिगात बसून मी ही कोरी वही उघडली आहे. मामाला वाटतंय मी हिशेब करतोय.

लिहायचं कारण एकच. ओतिलिया.

आमच्या गल्लीत कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान आहे, तिथे ती बसते. सप्टेंबरात माझ्या जाकिटाची बाही फाटली आणि मी तिथे गेलो. तिने तोंडात टाचण्या धरून मला विचारलं, "कधीपर्यंत हवंय?" त्या क्षणापासून माझ्या कपड्यांना अवकळा आली आहे. दर आठवड्याला एका शर्टाची बटणं तुटतात. म्हणजे मी तोडतो.

परवा ती म्हणाली, "तुमच्या घरी उंदीर फार आहेत का हो?"

"आहेत."

"बटणंच खातात?"

"पोलिश उंदीर आहेत. मिळेल ते खातात."

ती हसली नाही. पण टाचण्या तोंडातून काढून ठेवल्या. याचा अर्थ काय, यावर मी दोन दिवस विचार करतोय.

माझ्याबद्दल लिहायचं तर नाव कायेतान, वय बावीस, उंची गरजेपेक्षा जास्त. बांधकामाचं शिक्षण मी दुसऱ्या वर्षात सोडलं. सर म्हणाले, तुझ्या आराखड्यातलं छप्पर उभं राहणार नाही. मी म्हणालो, तुमच्यापेक्षा जास्त दिवस राहील, आणि दार आपटून निघालो. दार काचेचं होतं. ते मात्र राहिलं नाही.

५ नोव्हेंबर

आज मी तिच्या घरी गेलो.

दुकानाच्या मालकिणीने जुनं शिलाई मशीन ओतिलियाला देऊन टाकलं, संध्याकाळी घरी चार जास्तीची कामं करायला. मशीन लोखंडी. मी म्हणालो, मी उचलतो. ती म्हणाली, चौथा मजला आहे, त्याच्यावर पोटमाळा. मी म्हणालो, पोटमाळाच? मला वाटलं काही लांब असेल. दुसऱ्या मजल्यावर मला तारे दिसले, पण मी शीळ वाजवत राहिलो.

तिचं घर म्हणजे छपराच्या आतली बाजू. दोन्हीकडून छप्पर उतरत येतं आणि मधे माणसं राहतात. दारातून आत पाऊल टाकलं आणि माझं कपाळ तुळईवर असं आदळलं की मशीन हातातून सुटता सुटता वाचलं.

"सॉरी," मी म्हणालो.

आतून एक म्हातारा खो खो हसला. "ओतिल्का, हा माणूस आपल्या तुळईची माफी मागतोय. असले संस्कार हल्ली दिसत नाहीत."

हे तिचे वडील, बोनिफात्सीकाका. आयुष्यभर ट्राम चालवली. उंची माझ्या खिशापर्यंत. ओतिलियाही तेवढीच, जेमतेम चार बोटं जास्त. दोघं त्या छपराखाली असे सरळसोट फिरतात, जणू ते त्यांच्याच मापाने शिवलंय.

बूट दारात काढले. पाहुण्यांच्या सपातांची टोपली पुढे आली. सगळ्यात मोठी जोडी घातली तरी माझ्या टाचा मागे जमिनीवरच. काका म्हणाले, "जिराफासाठी सपाता ठेवायची वेळ कधी आली नव्हती, बाळा."

चहा झाला, आणि मग खरी गोष्ट कळली. हे घर क्लेमेन्तिनाबाईंचं. त्या याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. नव्या वर्षापासून त्यांनी भाडं वाढवलंय. काकांची पेन्शन आणि ओतिलियाचा पगार मिळूनही ते झेपणार नाही. नगरपालिका कमी कमाईच्या भाडेकरूंना भाडेभत्ता देते, घर खासगी मालकाचं असलं तरी. पण अर्जावर मालकाची सही लागते. काका सही मागायला गेले तर बाई म्हणाल्या, नगरपालिकेच्या माणसाचा पाय माझ्या घराला लागता कामा नये.

"भत्ता नाही मिळाला तर?" मी विचारलं.

"तर श्चेचिनला," ओतिलिया म्हणाली. "युझेफा आत्याकडे. तिच्याकडे एक खोली आहे आणि तीन कुत्री."

श्चेचिन. त्याच्या पुढे जर्मनीच. मी उठलो आणि पुन्हा डोकं आपटलं.

"मी बघतो," मी म्हणालो.

"तुम्ही काहीही बघू नका," ती म्हणाली.

किती काळजी करते माझी.

६ नोव्हेंबर

बघून आलो.

क्लेमेन्तिनाबाई ऐंशीच्या असतील. दाराची साखळी न काढताच बोलल्या. मी अगदी शांतपणे सुरुवात केली होती, देवाशपथ.

"बाई, जिथे मांजरालासुद्धा वाकून चालावं लागतं, त्या कोपऱ्याचंही भाडं तुम्ही मीटरवर घेता."

"मांजर ठेवायला परवानगी नाही," त्या म्हणाल्या.

"मांजर नाहीये."

"मग वाकतंय कोण?"

इथे माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तुम्ही कबरीत गेलात तर शेजारच्या कबरीकडूनही भाडं मागाल. त्यांनी साखळीच्या फटीतून मला नखशिखान्त पाहिलं. तसं पाहायला त्यांना बराच वेळ लागला, कारण मी उंच आहे. मग म्हणाल्या, "त्या पोरीला सांग, सही हवी असेल तर संगत बदल." दार लागलं.

काकांच्या बाजूने कोणीतरी दोन शब्द सुनावले, याचं समाधान आहे.

७ नोव्हेंबर

समाधान संपलं.

शर्ट घेऊन दुकानात गेलो. ओतिलियाने तो हातातही घेतला नाही. सुई आणि दोरा माझ्यापुढे ठेवला.

"स्वतः लाव."

"मला येत नाही."

"बोलताही येत नाही, तरी गेलासच ना? बाबा उद्या फुलं घेऊन, गोड बोलून सही आणणार होते. मूर्ख आहेस तू. उंच मूर्ख. सगळ्या शहराला लांबून दिसतोस."

मी अर्धा तास बसून एक बटण लावलं. ते बाहीला शिवलं गेलं. तिने ते उसवलं आणि न बोलता शर्ट ठेवून घेतला.

घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती मला 'तू' म्हणाली. तीन वेळा. 'लाव' धरलं तर चार.

११ नोव्हेंबर

आज स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. काकांनी निरोप धाडला की मशीनचं पायडल अडकतंय, येऊन बघ. बघितलं तर पायडल लोण्यासारखं फिरत होतं. काका म्हणाले, "अरे, आत्ता सुटलं वाटतं," आणि भाजलेलं बदक वाढायला बसले.

एक नवल झालं. सपातांच्या टोपलीशेजारी एक नवी जोडी होती. करड्या लोकरी कापडाची, होडीएवढी. पाय घातला तर नेमका बसला.

"कोणाच्या?" मी विचारलं.

"बाबांच्या जुन्या," ओतिलिया म्हणाली आणि चुलीकडे वळली.

काकांचे पाय बघितले तर बाळाच्या पावलांएवढे. वयाबरोबर माणसाचे पाय एवढे आटतात हे मला माहीत नव्हतं. जेवताना मला उगाच भरून आलं. आपलंही एक दिवस असंच होणार.

१४ नोव्हेंबर

नगरपालिकेत जाऊन सगळं विचारून आलो, कारण सही मिळो न मिळो, नियम माहीत हवेत.

नियम असा आहे: घर गरजेपेक्षा मोठं असेल तर भत्ता नाही. दोन माणसांना बावन्न चौरस मीटरची मर्यादा. आणि करारात क्लेमेन्तिनाबाईंनी लिहिलंय अठ्ठावन्न. भिंतीपासून भिंतीपर्यंत, छप्पर जिथे जमिनीला टेकतं ते टोकसुद्धा धरून. म्हणजे ही दोघं गरीब आहेत, पण महालात राहतात.

मी खिडकीवर डोकं टेकून उभा राहिलो. आतली बाई म्हणाली, "तीन माणसं असती तर मर्यादा साडेअठ्ठावन्नची, मग हे घर चाललं असतं."

"तीन?"

"घरात तिसरा माणूस असेल तर. पण त्याची कमाईही धरली जाईल."

माझी कमाई. मामा मला पगार म्हणून सूप देतो आणि महिन्याकाठी काहीतरी हातावर ठेवतो, तेही सुस्कारा टाकून. माझ्याइतका कमाई नसलेला माणूस त्यांना अख्ख्या तोरुनमध्ये मिळणार नाही.

मी बाहेर पळत सुटलो. विस्वा नदीच्या काठाने पळालो. कोणाच्या नशिबात प्रेम, कर्तव्य आणि कायदा असे तिन्ही एका रांगेत येत असतील? बटण तुटलं, या वेळी आपोआप.

१५ नोव्हेंबर

तिला जिन्यात गाठलं. तिच्या हातात बटाट्यांची पिशवी होती.

"ओतिलिया, माझ्याशी लग्न कर."

तिने पिशवी खाली ठेवली. चेहरा असा झाला की वर्णन करता येणार नाही. मला वाटलं तिला नीट समजलं नाही, म्हणून मी समजावलं.

"म्हणजे साडेसहा मीटर जास्तीचे मिळतात. तुम्ही दोघं आणि मी तिसरा, मर्यादा वाढते. भत्ता पास."

"साडेसहा मीटर," ती म्हणाली.

"हो. उलट थोडी जागा उरतेच."

"आणि तुझ्या जागी कपाट असतं तर?"

"कपाटाला माणूस धरत नाहीत. मी विचारलं होतं."

तिने बटाटे उचलले. चार पायऱ्या चढली, थांबली, आणि एक बटाटा माझ्या छातीवर मारला. नेम चांगला आहे तिचा.

तिला विचार करायला वेळ हवा असणार.

१९ नोव्हेंबर

पोटमाळ्यावर गेलो. टोपलीत फक्त लहान सपाता. करडी जोडी कुठे गेली विचारलं तर ओतिलिया म्हणाली, "बाबांना हव्या होत्या." काका त्यांच्या छोट्याच सपातांत उभे होते. मग मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "बाळा, मी चाळीस वर्षं ट्राम चालवली. ट्राम रुळावरून उतरली की घंटा वाजवून काही उपयोग नसतो."

काकांचं वय झालंय. मधेच ट्रामवर जातात.

२३ नोव्हेंबर

आज क्लेमेन्तिनाबाईंचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा दिवस. नामदिनाला कोणाला बोलावत नाहीत, पण येईल त्याला परत पाठवत नाहीत. केक कापलेला असतो, कॉफी तयार असते. सकाळी उठल्या उठल्या मला हे सुचलं. आज त्यांना साखळी लावता येणार नाही.

रिकाम्या हाताने कसं जायचं? दुकानातून हाताला लागली ती फुलं घेतली, कागदात गुंडाळली आणि धावलो.

दार उघडंच होतं. आत बाईंच्या दोन नणंदा, काळ्या रेशमात, केकसमोर. मी कमरेत वाकून शुभेच्छा दिल्या आणि कागद सोडला.

शेवंती. पांढरी. मोजून सहा.

इथे शेवंती फक्त कबरीवर ठेवतात. आणि फुलं सम संख्येत द्यायची ती फक्त मेलेल्यांसाठी, हे अंगणवाडीतल्या पोरालाही कळतं. आणि मी, फुलवाल्याचा भाचा. एका नणंदेने छातीवर क्रूसाची खूण केली. दुसरीच्या हातातला चमचा बशीत पडला आणि बराच वेळ वाजत राहिला.

"अंत्यविधी किती वाजता आहे?" क्लेमेन्तिनाबाईंनी विचारलं.

"बाई, दुकानात एवढंच उरलं होतं."

त्या हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. डोळे पुसत म्हणाल्या, "दहा वर्षं या दोघी माझ्या घरावर डोळा ठेवून बसल्यात. दरवर्षी गुलाब आणतात आणि तब्येत विचारतात. मनातली फुलं घेऊन यायची हिंमत कोणी केली असेल तर या खांबाने. बस. काय हवंय तुला?"

"सही."

"आणि माफी?"

"तीच मागायला आलो होतो. फुलांनी घोटाळा केला."

थोरली नणंद पुढे सरकली. "क्लेमेन्तिना, सही करू नकोस हं. नगरपालिकेची माणसं एकदा आत शिरली की सगळं मोजतात. मग घराची किंमत पडते."

"कोणासाठी पडते?" बाई म्हणाल्या. "पेन कुठाय माझं?"

मी चार मजले उड्या मारत चढलो, अर्ज घेऊन उड्या मारत उतरलो, सही घेऊन पुन्हा चढलो. बाईंनी क्षेत्रफळाच्या जागी अठ्ठावन्नच लिहिलं, मीटरबाबत त्यांना काही ऐकून घ्यायचं नाही. काका म्हणाले, "देऊन तर टाकू. नाही म्हणायला का होईना, कोणीतरी घर बघायला येईल."

ओतिलियाने सहा शेवंतींची गोष्ट मला तीनदा सांगायला लावली. तिसऱ्यांदा ती हसून हसून जमिनीवर बसली. करडी जोडी दारात होती. काकांनी वापरून परत ठेवली वाटतं.

२६ नोव्हेंबर

अर्ज दिला.

आणि आज माझा अपमान झाला, तो लिहून ठेवतो. पोटमाळ्यावर गेलो, सवयीने तुळईवर डोकं आपटलं, आणि आवाज आला नाही. वर हात लावला तर तुळईला हिरव्या रजईच्या कापडाची लहानशी गादी ठोकलेली. आत कापूस. कडांना बारीक टीप.

म्हणजे माझ्या उंचीची आता घरात सजावट झाली. येणाराजाणारा बघणार आणि हसणार.

"ही कशाला?" मी विचारलं.

"वारा येतो," ओतिलिया म्हणाली.

तुळईतून वारा. बांधकाम मी अर्धवट सोडलं असेल, पण एवढं कळतं मला. मी तिला तसं सांगितलं. तिने काकांकडे पाहिलं, काकांनी छताकडे.

३० नोव्हेंबर

काल संत आंद्रेइची संध्याकाळ. पोटमाळ्यावर दुकानातल्या तिघी शिवणकामवाल्या जमल्या होत्या. वितळलेलं मेण किल्लीच्या भोकातून गार पाण्यात ओततात आणि जो आकार होईल त्यातून भविष्य वाचतात. माझ्या मेणाचा गोळा झाला. मला तो तुटलेल्या काळजासारखा दिसला. काका म्हणाले, बटाटा आहे. सगळ्या जणी ओतिलियाकडे बघून हसल्या. म्हणजे तिने सगळ्यांना सांगितलंय.

मग बुटांचा खेळ. प्रत्येकीचा एक एक बूट, एकामागे एक, भिंतीपासून उंबऱ्याकडे रांगेने मांडत जायचं. ज्याचा बूट आधी उंबरा ओलांडेल त्याचं लग्न आधी. चार बूट, उंबरा अजून वीतभर लांब. ओतिलिया म्हणाली, एक कमी पडतोय, आणि माझ्या पायातली करडी सपाता ओढून काढून रांगेच्या शेवटी ठेवली. ती एवढी लांब की सरळ उंबऱ्याबाहेर जिन्यात गेली.

त्या तिघींनी असा गलका केला की खालून कोणीतरी काठीने छत ठोकलं. एक तर ओतिलियाच्या गळ्यात पडली.

एका पायात सपाता घालून मी तिथे उभा. माझ्या पायाच्या मापावर एवढं हसण्यासारखं काय आहे?

३ डिसेंबर

सगळं कळलं. उशिरा कळलं.

दुकानात एक माणूस उभा होता. बुटका, नीटनेटका, केस पाण्याने बसवलेले. ओतिलिया त्याच्या पायाशी बसून पँटची उंची धरत होती आणि दोघं हसत होते. तो म्हणाला, "मग मंगळवारी भेटू, तुमच्याच घरी." ती म्हणाली, "केक करून ठेवते."

तो गेल्यावर मी अतिशय शांतपणे विचारलं, हे कोण.

"त्सेझारी साहेब. नगरपालिकेचे. आपल्या घराची तपासणी तेच करणार आहेत."

"केक कशाला?"

"येणाऱ्या माणसाला द्यायला. तुला नाही का देत?"

आणि वर, तो बरोब्बर तिच्या उंचीचा आहे. त्या छपराखाली तो कुठेही ताठ उभा राहू शकतो. देवाने त्याला तुळई मोजून बनवलाय.

मंगळवारी मी तिथे असणार.

९ डिसेंबर

क्रमाने लिहायचं ठरवलंय, नाहीतर पेन उड्या मारतंय.

त्सेझारी साहेब वेळेवर आले. नवी पँट, घोट्यावर अगदी बरोबर. त्यांना टोपलीतली जोडी मिळाली, ती त्यांना नेमकी बसली. बसणारच.

त्यांच्याकडे लाल ठिपका टाकणारं मोजणीचं यंत्र होतं. ठिपका भिंतीवर, मग छपरावर, मग जमिनीवर. मी त्यांच्या पाठोपाठ. आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस चुकतोय. छप्पर जिथे खाली उतरतं तिथला कोपरा त्याने सरळ सोडून दिला. काहीच लिहिलं नाही. दुसरा कोपरा सोडला.

चार महिने काचेच्या दाराचे पैसे फेडलेला माणूस मी. बांधकामातली चूक मला दिसते.

"साहेब, हा भाग राहिला."

"राहू द्या," ते म्हणाले.

"राहू द्या कसं? जमीन आहे ना ही? चांगली सहा-सात मीटर खाल्लीत तुम्ही. केकवर लक्ष असलं की असंच होतं."

काकांनी माझ्या सपातेवर पूर्ण वजनाने पाय दिला. ओतिलियाने डोळे मिटले.

साहेब वळले. "तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?" त्यांनी विचारलं, आणि खरंच कुतूहलाने विचारलं. "उतरत्या छपराखाली छातीएवढी उंची नसेल तर ती जागा मोजतच नाहीत. त्याच्या वर, माणूस ताठ उभा राहीपर्यंत, निम्मी धरतात. मालकीणबाईंनी सगळी धरली, तो त्यांचा हिशेब. माझा होतोय सत्तेचाळीस." कागदावर लिहिलं. "मर्यादा बावन्नची. घर बसतंय."

बसतंय. काका खुर्चीत बसले. ओतिलियाने टेबलाची कड धरली. माझ्या कानात अख्ख्या शहरातल्या घंटा वाजत होत्या. तिसरा माणूस, बटाटा, लग्नाची मागणी, काहीही लागलं नसतं. नुसतं छप्पर तिरपं असणं पुरे होतं.

साहेबांनी टोपण लावलं. उठले. आणि तुळईखाली थांबले.

"ही गादी कशाला?"

"वारा," मी म्हणालो. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

ते तुळईखालून सरळ चालत गेले. परत आले. डोक्याला काही लागलं नाही. काकांकडे पाहिलं, ओतिलियाकडे पाहिलं, दोघांच्या डोक्यावर हातभर हवा. मग माझ्याकडे. माझं कपाळ गादीच्या बरोबर रेषेत. मग त्यांची नजर खाली माझ्या पायांकडे, करड्या होड्यांकडे. मग खुंटीकडे. खुंटीवर माझे चार शर्ट, इस्त्री केलेले.

"काका, हे शर्ट तुमचे?"

"हिवाळ्यात गाउनसारखे घालतो," काका म्हणाले.

साहेब पुन्हा बसले. टोपण काढलं. "अर्जात दोन माणसं लिहिली आहेत. मला इथे तीन दिसतात. तिसऱ्याची नोंद नसेल तर अर्ज खोटा ठरतो. मग भत्ता नाही, वर चौकशी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी इथे राहत नाही. राहत असतो तर मला कळलं असतं ना?"

"तसं दिसत नाही," साहेब म्हणाले.

श्चेचिन. तीन कुत्री. आणि या वेळी कारण मी. माझं डोकं, माझे पाय, माझी बटणं. मी दाराकडे निघालो, म्हणजे मी निघून गेलो तर सगळं दोनावर येईल असं काहीतरी मनात होतं.

"थांब," ओतिलिया म्हणाली. मग साहेबांना, "माझा जबाब लिहून घ्या."

"खोटं सांगितलं तर गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. लिहा." ती उभी राहिली, हात एप्रनला पुसले. "हे गृहस्थ इथे राहत नाहीत. सपाता मी शिवल्या, कारण त्यांच्या टाचा जमिनीवर गारठायच्या. बाबांच्या जुन्या म्हणून सांगितलं. बाबांचे पाय त्यांनी पाहिले, तरी विश्वास ठेवला. गादी मी ठोकली, कारण डोकं आपटलं की ते दर वेळी तुळईलाच सॉरी म्हणतात आणि मला ते बघवत नाही. बटणं ते स्वतः तोडतात. ओढून तोडलेला दोरा वेगळा दिसतो, पहिल्याच शर्टाला मला कळलं होतं. शर्ट परत द्यायला मीच उशीर करते, म्हणजे ते विचारायला येतात."

साहेबांनी पान उलटलं.

"त्यांनी इथे राहावं अशी माझी इच्छा आहे. त्यांनी लग्नाचं विचारलं होतं. पण साडेसहा मीटरसाठी विचारलं, म्हणून मी बटाटा मारला."

साहेबांनी मान वर केली. "हे शेवटचंही लिहू?"

"लिहा. गुन्हा आहे ना खोटं बोलणं. अर्धवट सांगणंही खोटंच."

त्यांनी लिहिलं. तिने सही केली. साहेबांनी कागद घडी घालून ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं काही म्हणणं?"

मला बोलायचं होतं. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि छपराच्या दुसऱ्या बाजूच्या तुळईवर आदळलो, जिला गादी नव्हती.

"सॉरी," मी म्हणालो.

"बघा," ओतिलिया म्हणाली.

साहेब हसले, पहिल्यांदाच. केकचे दोन तुकडे खाल्ले. दारात बूट घालताना, लेस बांधत, कोणाकडेही न बघता म्हणाले, "माहितीसाठी सांगतो. अर्ज दिल्यानंतरच्या सहा महिन्यांत घरात काही बदल झाला, कोणी आलं, कोणी गेलं, तर ठरलेल्या भत्त्यात फरक पडत नाही. नवा अर्ज करताना तेवढं खरं लिहायचं." आणि मला, "पँटची बटणं तोडू नका. त्याची दुरुस्ती महाग आहे."

दार लागलं. काका म्हणाले त्यांना खाली क्लेमेन्तिनाबाईंकडे जाऊन बातमी द्यायची आहे, आणि सपातांवरच गेले.

आम्ही दोघंच उरलो. मी विचारलं. या वेळी मीटरचं नाव काढलं नाही. पण ती काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही, ही वही मामाच्या दुकानात असते.

२४ डिसेंबर

भत्ता मंजूर झाल्याचं पत्र शुक्रवारी आलं. काकांनी ते वाचलं, घडी घालून अलगद बशीखाली ठेवलं, आणि युझेफा आत्याला फोन करून तिन्ही कुत्र्यांची चौकशी केली.

आज नाताळची पूर्वसंध्या. पहिला तारा दिसेपर्यंत कोणी जेवत नाही, म्हणून मी आणि काका खिडकीतून मान बाहेर काढून उभे. काकांसाठी मी खुर्ची आणली. आत बीटाचं सूप, कार्प मासा, आणि टेबलक्लॉथखाली रिवाजाप्रमाणे मूठभर गवत. दुसऱ्या तुळईलाही गादी आली आहे. लाल.

तारा दिसला. मी आत आलो आणि टेबल पाहिलं. चार ताटं.

पूर्वसंध्येला प्रत्येक घरात एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक येईल त्या अनोळखी पाहुण्यासाठी. मी लहानपणापासून ते ताट रिकामंच पाहत आलोय. मला वाटलं, बरं झालं, माझी सोय आहे, आणि मी कडेच्या खुर्चीवर बसायला गेलो.

ओतिलियाने माझी बाही धरली.

"ती पाहुण्याची जागा आहे," ती म्हणाली. "तुझी ही."